बाबांच्या साखरेचा छडा

"या शहरात गुन्हेगार मोकाट फिरतात याचं कारण एकच. मला अजून कोणी बोलावलेलं नाही."

हे वाक्य माझं नाही, माझ्या भावोजींचं आहे. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि मेंदूला तर तोडच नाही, हेही त्यांचंच. मग उरलेला माणूस कोणाचा, ते त्यांनी सांगितलेलं नाही. दिवसा ते पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेत फिरतात, त्यामुळे लोकांच्या घरात वाकून बघायचा त्यांना रीतसर अनुभव आहे. त्यांचं ताईशी लग्न झालं आणि सहायकाची जागा माझ्या गळ्यात पडली. पगार नाही, वर टॉर्चचे सेल माझेच.

प्रकरण घरातलंच होतं. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. मोतीबिंदूमुळे केसाएवढी स्प्रिंग दिसेना, म्हणून दुकानाला कुलूप लागलं होतं. मधुमेह जुना, पण गोळ्यांनी ताब्यात असायचा. ऑपरेशनच्या आधी तपासलं तर साखर भलतीच चढलेली! तारीख पुढे गेली. दुसऱ्या वेळी साखर आणखी वर. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला उतरली नाही तर मी मोठ्या रजेवर जातेय, मग कधी जमेल ते सांगता येणार नाही. घरी आल्यावर बाबा हातात चिमटा धरून नुसते बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी गोडाला शिवलेलोही नाही, असं ते शपथेवर सांगत होते. आईने घरातून बिस्किटंसुद्धा हद्दपार केली होती.

"म्हणजे कोणीतरी चोरून खाऊ घालतंय," भावोजी डोळे बारीक करून म्हणाले, आणि तपास सुरू झाला.

तपासाची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी यायचं, बाबांना समोर बसवायचं, क्रॅनबेरी नावाच्या परदेशी फळाच्या लालभडक रसाचे दोन मोठे ग्लास भरायचे आणि उलटतपासणी घ्यायची. ऑपरेशन ठरलं तेव्हा भावोजींनीच त्या बाटल्यांचा खोका आणला होता. बाटलीवर 'व्हिटॅमिन सी' असं ठळक छापलेलं. बाबा रोज सकाळी औषध म्हणून एक ग्लास घेतच होते, आता संध्याकाळचा दुसरा सुरू झाला. आंबट प्यायलं की साक्षीदाराची जीभ सैल होते, असा भावोजींचा सिद्धांत होता. जीभ काही सैल झाली नाही, दोघांची तोंडं मात्र वाकडी व्हायची.

पहिला संशय कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यावर, कारण बाबा रोज तिथे जाऊन बसतात. भावोजी काळा चष्मा लावून पाळत ठेवायला गेले. बेकरीवाल्याने त्यांना लगेच ओळखलं, मीटर मागच्या बाजूला आहे म्हणाला, आणि हाताला धरून घेऊन गेला. भावोजींना मुकाट्याने रीडिंग घ्यावं लागलं. बाबा तिथे का बसतात, ते मला त्या माणसाकडूनच कळलं. बेकरीतलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केलेलं होतं. दिसत नाही तर निदान टिकटिक तरी ऐकू येते, म्हणून जायचे. मला गलबलून आलं. भावोजी म्हणाले, भावनेने तपास बिघडतो.

मग टूथपेस्टवर संशय गेला, कारण ती चवीला गोड लागते. आईने दात घासायला बाबांच्या हातात मीठ ठेवलं. मग गोळ्यांवर. शेवटी खुद्द आईवर! बाबांना दिसायला लागलं की घरातली जळमटं दिसतील, म्हणून तिलाच ऑपरेशन नकोय, हा हेतूही भावोजींनी शोधून काढला. आईने त्यांचा चहा बंद केला, तर ते रसाचा दुसरा खोका घेऊन आले.

रविवारी ताई जेवायला येणार होती. भाजलेल्या कोंबडीवर ओतायला आंबटसर सॉस करावा म्हणून आईने त्या रसाची एक बाटली पातेल्यात ओतली आणि मंद गॅसवर आटायला ठेवली. तेवढ्यात भावोजींनी तिला जबाबासाठी बाहेर बोलावलं. जळमटांच्या मुद्द्यावरून जबाब चांगलाच लांबला. शेवटी करपल्याचा वास आला तेव्हा सगळेच स्वयंपाकघरात धावलो. पातेल्यात काळपट लाल, घट्ट पाक झाला होता. आईने त्यात चमचा घातला तर तो निघेना.

"यात मी साखरेचा कणही घातलेला नाही," आई म्हणाली.

"घातपात," भावोजी म्हणाले.

आईने रिकामी बाटली उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलं पाणी, दुसरी साखर, मग कुठे ते फळ. एका मोठ्या ग्लासात पाच-सहा चमचे साखर होती. फळच मुळी इतकं आंबट की साखरेशिवाय ते घशाखाली उतरत नाही, आणि एवढी घालूनही त्याचा आंबटपणा जात नाही. म्हणून कोणाला शंकाच आली नाही.

"आणि हे खोके कोणी आणले?" आईने विचारलं.

भावोजींनी खिशातून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "गुन्हेगार फार धूर्त आहे," ते म्हणाले. "तपास करणाऱ्याच्याच हातून त्याने काम करून घेतलं."

ताईने त्यांना कोंबडी वाढली नाही.

उरलेल्या बाटल्या आईने फडताळात वर ठेवून दिल्या. आता पाहुण्यांच्या सोड्यात त्यातला रस चवीपुरता पडतो, कधी गाजरं परतताना चमचाभर, आणि बाबांना साधं पाणी. साखर उतरली आणि डॉक्टरबाई रजेवर जायच्या आधी ऑपरेशन झालं.

पट्टी निघाली तेव्हा आम्ही सगळे समोर उभे होतो. बाबांनी आधी आईकडे पाहिलं, आणि तुझे केस एवढे कधी पिकले म्हणून विचारलं. तुमची साखर मोजता मोजता, असं ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मग भावोजी पुढे सरसावले. तपास यशस्वी झाल्याबद्दल ते चार शब्द बोलणार होते. बाबांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, अगदी सावकाश.

"जावईबापू," ते म्हणाले, "माझा मोतीबिंदू बराच जुना असणार. मुलगी दिली तेव्हापासूनचा."