पिवळ्या दिव्याचा अहवाल

नव्या गाडीच्या स्टिअरिंगमागे टायरमधल्या हवेचा पिवळा दिवा लागला तो सोमवारी, आणि तो कुणामुळे लागला हे सर्व्हेअरसाहेबांनी गाडीला हात लावण्याआधीच ठरवून टाकलं.

त्यांचा तरी काय दोष? ठोकलेल्या गाड्या विमा कंपनीसाठी तपासण्यात वीस वर्षं गेली होती. आधी निष्कर्ष लिहायचा आणि मग त्याला शोभेल असा तपास करायचा, ही त्यांची पद्धत. घरातही तीच चालायची. बायकोला पंचेचाळिसाव्या वर्षी लायसन्स मिळालं, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने एका आठवड्याचा प्रयोग मंजूर केला. आठवडा निर्विघ्न गेला तर किल्ली तिची आणि बस त्यांची. नाही तर तिने पुन्हा मुकाट्याने बसने जायचं.

"साक्षीला मी आहे," तिच्या सासूबाई म्हणाल्या. त्या तळमजल्याच्या गॅलरीत आपल्या नव्या गोल बैठकीवर, खाली उशी घेऊन, मटार सोलत बसल्या होत्या. गाडी गॅलरीच्या कठड्यालगतच उभी असायची, त्यामुळे घरातलं आणि गाडीतलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"अहो, तो दिवा आधी लुकलुकतो आणि मग लागून राहतो," संध्याकाळी बायको म्हणाली.

"हवा कमी झालीये. खड्ड्यात घातलीस?"

"नाही."

"फुटपाथवर चढवलीस?"

"नाही हो!"

"म्हणजे नकळत चढवलीस." त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. लुकलुकण्याचं मात्र लिहिलं नाही. ते निष्कर्षात बसत नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी चारही चाकांत हवा भरून आणली आणि दारात गाडी पुन्हा सुरू करून पाहिली. दिवा गायब! "बघ, यंत्रालासुद्धा माणूस कळतो," ते म्हणाले आणि 'दोष दूर केला' असं लिहून मोकळे झाले. दुपारी बायकोचा औषधांच्या दुकानातून फोन आला, "पुन्हा लागलाय."

बुधवारी त्यांनी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. गुरुवारी माहितीपुस्तक वाचून एक बटण दहा सेकंद दाबून धरलं. रोज सकाळी दारात दिवा विझलेला, रोज दुपारी फोन. शुक्रवारपर्यंत अहवाल सहा पानांचा झाला आणि त्याचा निष्कर्ष एका ओळीचा होता: चालकाचा हलगर्जीपणा.

बायको बिचारी इतकी जपून चालवू लागली की सायकलवाले तिला मागे टाकून जायचे. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी तिने आपणहून किल्ली खुंटीला लावली. "राहू दे. माझ्याच हातात काहीतरी खोट असेल," ती म्हणाली. सासूबाईंचे मटार सोलणारे हात थांबले.

शनिवारी टायरवाल्याकडून अहवालावर सही घ्यायला साहेब निघाले. पुराव्यादाखल बायको शेजारी. गाडी अर्थातच त्यांनी चालवली. दोन सिग्नल गेले आणि दिवा लुकलुकला. मग लागूनच राहिला.

"खड्ड्यात घातलीत?" बायकोने विचारलं.

टायरवाल्याने यंत्र लावलं. "चारही चाकं ठणठणीत आहेत, साहेब. पाचव्याचा पत्ता नाही."

"पाचवं कुठलं?"

"स्टेपनी. या गाडीत तिच्यातही सेन्सर असतो. हवा कमी असती तर दिवा सरळ लागला असता. आधी लुकलुकला म्हणजे सेन्सर सापडत नाहीये." त्याने डिकी उघडली. स्टेपनीच्या जागी प्रथमोपचाराची पेटी होती आणि 'चालकास सूचना' असं लिहिलेली जाडजूड फाइल. "स्टेपनी कुणी काढली?"

साहेब आकाशाकडे बघू लागले.

"रविवारी गाडी तुम्हीच धुतलीत ना?" बायकोने विचारलं.

"तुला चाक बदलता येत नाही, म्हणून म्हटलं, उगाच ओझं कशाला…"

"पण मग घरी दिवा विझतो कसा?"

"स्टेपनी तिथेच गाडीजवळ कुठेतरी असणार," टायरवाला म्हणाला. "तिचा सिग्नल पोचत असेल."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच गॅलरी आली आणि एकच उशी.

घरी सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. "आई, ऊठ जरा," साहेब हळूच म्हणाले. "तुझ्याखाली पुरावा आहे."

"मी नाही उठणार. घाणेरडं आहे म्हटलं, तर तूच म्हणालास, धुतलंय, बैस. इतकी छान बैठक मला आयुष्यात मिळाली नव्हती."

बायकोने सहा पानी अहवाल आणि पेन नवऱ्यापुढे ठेवलं. "निष्कर्ष चांगलाय, तो असू द्या. फक्त चालकाचं नाव बदला." साहेबांनी नाव बदललं. सासूबाईंनी बसल्या बसल्याच साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि मगच त्या उठल्या.

सोमवारी सकाळी साहेब डबा सांभाळत बसस्टॉपवर उभे होते. समोरून त्यांची गाडी आली, चांगली वेगात. स्टिअरिंगवर बायको आणि शेजारी, उशीसकट, सासूबाई. माझी बैठक जाईल तिथे मी जाणार, असं त्यांनी रविवारीच जाहीर केलं होतं.

गाडी क्षणभर थांबली. काच खाली आली.

"दिवा विझलाय रे!" आईने ओरडून सांगितलं, आणि गाडी निघून गेली.

बसला अजून वीस मिनिटं होती.