जन्मानं येतं ते

डोमाजींनी टेबल उचलून अंगणात नेलं आणि पालथं घालून ठेवलं, तेव्हा ललिताची बी. एस्सी.ची परीक्षा महिन्यावर आली होती.

"बाबा, माझी पुस्तकं!"

"भुईवर बसून वाच. आमी भुईवरच शिकलो."

टेबल डोमाजींनीच हौसेनं करवून घेतलं होतं. राजापेठेतल्या त्या दोन खोल्यांतलंच नव्हे, त्यांच्या सगळ्या कुळातलं ते पहिलं टेबल. सकाळी त्यावर ललिता अभ्यास करी आणि संध्याकाळी पोस्टातून आल्यावर दोन्ही कोपरं टेकून डोमाजी वर्तमानपत्र वाचत. नेमकी हीच गोष्ट आता त्यांच्या ध्यानात आली होती.

डोमाजींच्या दोन्ही कोपरांवर तरुणपणापासून लालसर चट्टे होते. वरून अभ्रकासारखे पापुद्रे सुटत. सदऱ्याची बाही खाली ओढली की डोमाजी ते विसरून जात. पण दिवाळीनंतर तसाच चट्टा ललिताच्या कोपरावर उठला आणि डोमाजींनी कारणाचा शोध सुरू केला. आधी घरातला लाल साबण गेला. मग वांगी गेली, आणि वऱ्हाडातल्या घरातून वांगी गेली की जेवणातली गंमतच जाते. चट्टा मात्र जागचा हलला नाही. मग टेबलाची पाळी आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी "सोरायसिस" एवढंच म्हणून मलम दिलं होतं. "कोणाला लागत नाही हे. घरात आणखी कोणाला आहे?" असंही विचारलं होतं. डोमाजींनी घाईघाईनं साबणाचं नाव घेतलं होतं.

"बाबा, हे कुळातून येतं," ललिता पुन्हा पुन्हा समजावून सांगे. "म्हणजे चट्टा येत नाही, तो उठण्याचा कल येतो. दिव्यातली वात समजा. वात जन्मानं मिळते, काडी बाहेरून लागते. माझी काडी परीक्षेची काळजी असेल."

"जन्मानं काही येत नाही!" डोमाजींचा आवाज चढे. "छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली ते कायच्यासाठी? जन्मानं हा असा अन् तो तसा, हे आयकून आयकून बापजाद्याचे कान किटले. अन् आता माही शिकलेली पोट्टी मलेच सांगून राहिली!"

ललिताजवळ याला उत्तर होतं, पण ते ऐकायला डोमाजी थांबत नसत.

चट्टा घालवायची घाई रविवारसाठी होती. अकोल्याच्या जठारपेठेतल्या इंदूबाई आपल्या मुलाला, श्रावणला, घेऊन ललिताला पाहायला येणार होत्या. श्रावण शाळेत मास्तर होता आणि त्याला शिकलेलीच मुलगी हवी होती. असं स्थळ रोज चालून येत नाही. चट्टा दाखवायला डोमाजींची ना नव्हती, लपवाछपवी त्यांना जमतच नसे. पण कारण साबणाचं सांगायचं, वांग्याचं, फार तर टेबलाचं. रक्ताचं नाही. 'यांचं रक्तच तसं' हे शब्द त्यांना आपल्या लेकीच्या वाट्याला येऊ द्यायचे नव्हते.

शनिवारी त्यांची मोठी बहीण भागीरथाबाई अचलपूरहून एस.टी.नं आली. अंगणात चार पाय वर करून पडलेलं टेबल पाहून ती थबकली.

"काहून रे डोमा, टेबल मेलं काय?"

डोमाजींनी टेबलाचा गुन्हा सांगितला. भागीरथाबाईनं ऐकून घेतलं, ओट्यावर बसली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. गुडघ्यावर तोच चट्टा, तेच पापुद्रे.

"हा पाय मी कोण्या टेबलावर ठेवला होता, सांग बरं? मायच्या डोक्यातही हाच चट्टा होता. तू लहान होता तवा."

डोमाजी उंबऱ्यावर बसले ते बसलेच. ललितानं संधी साधली.

"जात माणसांनी चिकटवली, बाबा, आणि जन्मानं आली असं खोटं सांगितलं. हे कोणी चिकटवलेलं नाही. आजीच्या हाताची ठेवण माझ्या हाताला आली, तसंच हे आलं. ह्यात कमीपणा कसला?"

डोमाजी दिवेलागणीला उठले आणि टेबल आत घेऊन आले.

रविवारी चहा झाल्यावर ललितानं स्वतःच कोपर पुढे केलं. इंदूबाईंनी ते उजेडात नीट पाहिलं आणि हात झटकला.

"एवढंच ना? साबणानं होते असं. आमच्या गल्लीतही झालतं एकीले. साबण बदला, जाते."

आता डोमाजींनी नुसती मान हलवायची होती. महिनोन् महिने ते जे म्हणत होते तेच होणारी व्याहीण आपणहून म्हणत होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"नाही बाई," डोमाजी म्हणाले. "साबण नाही. जन्मानं येते ते. माह्याकडून आलं."

"काहीतरीच, भाऊ! जन्मानं काही येत नसते. आमीही दीक्षा घेतली आहे."

"ते येगळं अन् हे येगळं!" डोमाजींनी दोन्ही बाह्या वर केल्या.

"मंग पाण्यानं झालं असन."

"पाण्यानं नाही!"

"वांगे लय खाता काय तुमी?"

"वांग्याचं नाव काढू नका! वात जन्मानं येते, बाई, काडी बाहेरून लागते!" आणि डोमाजींनी लेकीचं सगळं शास्त्र तावातावानं ऐकवलं. भागीरथाबाईनं पुराव्यादाखल गुडघा दाखवला. पुढे मुलांना होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही, हे ललितानं शांतपणे सांगितलं. श्रावण हसू दाबायला तोंडावर रुमाल धरून बसला होता.

इंदूबाईंनी रिकामा कप खाली ठेवला. जमलेलं आपणच मोडलं, असं डोमाजींना वाटलं.

"चट्ट्याचं समजलं मले," इंदूबाई शेवटी म्हणाल्या. "कोणाले लागत नाही, जीवाले धोका नाही, मंग असो. पण एक इचारू काय भाऊ? तुमचा हा हट्ट, हाही जन्मानं येते काय?"

"नाही!" डोमाजी म्हणाले.

"नाही!" भागीरथाबाई म्हणाली.

"नाही!" ललिता म्हणाली.

तिघं एकाच दमात, एकाच सुरात बोलले आणि तिघांच्या हनुवट्या एकदमच वर गेल्या.

इंदूबाईंनी त्या तिन्ही हनुवट्या एकेक करून पाहून घेतल्या.

"माय, मले चालते," श्रावण रुमालाआडून म्हणाला.

"तुले कोणी इचारलं? घरात ऐकून घ्यायचं ते मले आहे." मग त्या ललिताकडे वळल्या. "पोरी, खरं सांग. लेकरायमंदी आमच्याकडचंही काही उतरते का नाही?"

"उतरतं ना. बरोबर अर्धं."

"अर्धं?" इंदूबाईंनी मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मंग चालते. मुहूर्त तं आपल्यात नाही. पोरीची परीक्षा झाली का एखादा रविवार पाहा, भाऊ."