वीरण्णांची चौकशी

कुलूप लावलं की वीरण्णा ते सात वेळा ओढून बघतात. मी मोजलंय. बीदरकडच्या चिटगुप्प्यात अकरा वर्षं आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. एकदा सहाच झटके ऐकू आले, म्हणून मी बाहेर डोकावलो, तर वीरण्णा चौकातून सातव्यासाठी परत येत होते.

गेल्या महिन्यात ते फोन घेऊन आले. त्यांच्या इंटरनेटवरच्या खात्यात कुणी परक्याने शिरायचा प्रयत्न केल्याची सूचना आली होती. खात्यात होती चौसष्ट गाणी. त्यांची थोरली बहीण, अक्का, हिची वाचा पक्षाघाताने गेली; त्याआधी त्यांनी ती तिच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलेली. रोज संध्याकाळी ते तिला तिचंच गाणं ऐकवतात.

मी म्हटलं, पासवर्ड बदला आणि वर दुसरं कुलूप घाला. एक ॲप असतं, ते दर अर्ध्या मिनिटाला सहा आकडी नवा कोड देतं. त्याशिवाय खातं उघडत नाही.

"कुलूप कुणाचं, मास्तर? खानदान बघाया पायजे," ते म्हणाले.

वीरण्णांनी भावाच्या दोन मुलींच्या सोयरिकी जमवल्यात. ॲपही तसंच बघितलं, नऊ दिवस. पहिलं फोनमधले सगळे नंबर मागू लागलं. "पोरगी बघाया आलाय, अन् शेताचे कागद कामून मागायलाय?" ते बाद. दुसऱ्यावर जाहिरातीच जाहिराती. "लई नटून आलाय. कायतरी ऐब हाय." तिसरं कुणी बनवलं याचा पत्ताच लागेना. त्यासाठी त्यांनी गुलबर्ग्याच्या पुतण्यालाही कामाला लावलं. चौथं मात्र साधं निघालं. बनवणाऱ्याचं नाव-गाव उघड, मागणं काही नाही, इंटरनेट नसलं तरी कोड देणारं. ते पसंत पडलं.

सगळं जोडून झाल्यावर खात्याने दहा राखीव कोड दिले. फोन हरवला तर एकेक वापरायचा. मी ते कागदावर उतरवून म्हटलं, हा घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. वीरण्णांनी कागद घडी करून खिशात घातला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो माझ्याच हातात दिला. मी कपाटात ठेवला. त्यांनी कपाटाचं कुलूप सात वेळा ओढलं.

परवा ते अनवाणी आले, बाह्या भिजलेल्या. एकही झटका ऐकू आला नव्हता; घर उघडंच टाकून आले होते. फोन हौदात पडला होता. "अक्का वाट बघायलीय," एवढंच म्हणाले.

मी माझ्या मुलीचा जुना फोन काढला. पासवर्ड घातला, मग कागदावरचा पहिला कोड, आकडा न् आकडा दोनदा ताडून. खातं उघडलं. मी गाणी मोजली. चौसष्ट.  मग आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो, गाणं लावलं. अक्काचं बोट खाटेच्या कडेवर ताल धरू लागलं.

वापरलेल्या कोडवर रेघ मारत मी विचारलं, ॲपची नऊ दिवस चौकशी केलीत, माझी एका रात्रीत कशी उरकली?

"उरकली कुठं? भिंतीला भिंत हाय, मास्तर. अकरा साल चालूच व्हती," अक्काचं पांघरूण सारखं करत ते म्हणाले. "आज संपली."