सरांच्या नावाचा मासा

"आठ दिवसांत त्या माशावरून माझं नाव पुसून दाखवतो. नाही तर चौतीस वर्षं मी नुसती बरण्यांची धूळ झटकली म्हणेन," असं संग्रहालयातल्या मासेवाल्या सरांनी चहाच्या टेबलावर जाहीर केलं आणि कप असा आपटला की अर्धा चहा बशीत आला.

माणूस चिडणारच. माशाला शास्त्रज्ञाने स्वतःचं नाव द्यायचं नसतं, ते दुसऱ्याने द्यावं लागतं, आणि त्या दिवसाची सर जन्मभर वाट पाहत होते. शेवटी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, जो आता दुसऱ्या संग्रहालयात बडा शास्त्रज्ञ होता, खोल पाण्यातल्या एका नव्या माशाला गुरुदक्षिणा म्हणून सरांचं नाव दिलं. त्याचा निबंध आजच छापून आला होता. त्यात माशाचं वर्णन होतं: 'डोकं बोजड, तोंड वाकडं, पोट सुटलेलं. दिवसभर चिखलात बसून असतो. डिवचल्यास फुगतो.'

"जुळतंय हो अगदी," घरी बायको म्हणाली. "जेवायला यायचा ना आपल्याकडे, तेव्हापासून बारीक लक्ष असणार त्याचं."

"अगं, हसतेस काय? नाव एकदा लागलं की लागलं. मी मेल्यावरही लोक बरणीसमोर उभे राहून म्हणतील, हेच ते."

"पोटावरून ओळखतील."

तिने ते वर्णन कापून फ्रिजवर चिकटवलं. सर पाणी घ्यायला उठले की ती ते मोठ्याने वाचायची. सरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग ते फुगायचे आणि ती आणखी हसायची.

नाव घालवायचा मार्ग एकच होता. तो मासा आधीच कुणीतरी नोंदवला आहे, हे सिद्ध करायचं. एका माशाला दोन नावं पडली तर जुनं राहतं, नवं रद्द होतं. सरांनी शेल्फावरची बरणीन् बरणी खाली उतरवली. स्पिरिटच्या वासाने डोकं भणाणलं, पण माणूस हटला नाही. 'गुरूला चिखलात बसवतो काय,' असं पुटपुटत ते भिंगाखाली खवले मोजत. राग आला की आकडा चुकायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

सहाव्या दिवशी एका धुळकट बरणीत बोटाएवढा मासा निघाला. चांदीसारखा, सडपातळ, पाहत राहावा असा. रूपात काडीचं साम्य नव्हतं, पण अंगावरच्या रांगेत खवले सत्तेचाळीस, पाठीवरच्या पराला काटे तेरा, जबड्याची खाचही हुबेहूब निबंधातल्यासारखी. म्हणजे हे त्याच माशाचं पिल्लू! कुणा उतावळ्याने पिल्लालाच वेगळी जात समजून, बरणीवरच्या सालाप्रमाणे तेहतीस वर्षांपूर्वी, नाव देऊन टाकलं होतं.

"गाढव," सर म्हणाले आणि त्यांनी बरणीतली चिठ्ठी वाचली. अक्षर त्यांचंच होतं.

लग्नाच्या वर्षी, एकुलत्या एका नमुन्यावरून, त्यांनी स्वतःच तो मासा नोंदवला होता आणि त्याला हौसेने बायकोचं नाव दिलं होतं. पण संतापाच्या भरात सरांना एवढंच दिसलं की नाव आपलं नाही. दहा मिनिटांत त्यांनी नियतकालिकाला पत्र धाडलं आणि एक प्रत विद्यार्थ्याला, मुद्दाम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी ते शीळ घालत घरी आले.

"सुटलो. तो मासा आता माझा नाही."

बायको सोफ्यावर बसली होती. फोन मांडीवर होता.

"कळलं. त्याचा फोन आला होता. म्हणाला, काकू, अभिनंदन. सरांचं म्हणणं मान्य आहे, आमच्या दालनातल्या फलकावर आता तुमचं नाव लावतो. वर्णन तेच ठेवतो म्हणाला."

शिष्याला दोन शिव्या हासडाव्यात असं सरांना फार वाटलं, पण बायको त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"लग्नानंतर तुम्ही मला ती बरणी दाखवायला नेलं होतं," ती म्हणाली. "काचेवर बोट ठेवून म्हणालात, ही तू."

"होतीसच की."

"आणि आज जगाला लिहून कळवलंत, की ती मोठी झाल्यावर अशी झाली. पुराव्यासकट."

सरांनी खूप विचार केला. पण चौतीस वर्षांची सवय, ती कुठे जाते?

"पुरावा मात्र पक्का आहे," ते म्हणाले.