शेजारच्या बोटीतली ऊब

क्लिफर्ड ओक्सची सकाळ खिडक्या पुसण्यापासून सुरू होई. 'लॅपविंग' या त्याच्या अरुंद, लांबलचक बोटीच्या काचांवर रात्रभरात आतून पाणी साठे. ते तो पिवळ्या फडक्याने टिपून घेई, फडके बादलीत पिळी आणि बादली कालव्यात उपडी करी. मग किटली गॅसवर चढे. पाणी उकळेपर्यंत तो लोकरी टोपी कानांवर ओढून, हात काखेत धरून उभा राही. आठाच्या ठोक्याला शेजारच्या 'ब्लूबेल'वरून डेस्मंड पायेट छतावर दोनदा टकटक करी, क्लिफर्ड उलट टकटक करी आणि बॅटऱ्या भरायला दोघेही आपापली इंजिने एकदमच सुरू करीत. हिवाळ्यात धक्क्यावर जागा कमी, म्हणून बोटी दोन-दोन एकमेकींना बिलगून बांधलेल्या असत. अशा शेजारात आवाज करायचाच झाला तर सगळ्यांनी मिळून एकदाच करावा, असा तिथला अलिखित रिवाज होता, आणि तो मोडणाऱ्याला कुणी काही बोलत नसे. फक्त त्याला चहाला बोलावणे बंद होई.

त्या सकाळीही सगळे याच क्रमाने झाले. मात्र किटलीखालचा जाळ सोडला तर लॅपविंगवर ऊब म्हणून कुठे नव्हती, आणि नेमके हेच क्लिफर्डच्या डोक्यात शिरत नव्हते. नवा डिझेल हीटर बसवून आठवडा होत आला होता. रिमोटवर बाविसाचा आकडा दिसत होता. भिंतीवरचा तापमापक मात्र नवाच्या वर यायला तयार नव्हता.

हा हीटर चालणे फार गरजेचे होते. गेल्या हिवाळ्यात ग्लेनिसची, त्याच्या बायकोची, छाती कफाने भरली ती मोकळी होईना. डॉक्टरांनी बोटीतल्या कोळशाच्या शेगडीवर बोट ठेवले: ती राख, ती धूळ यापुढे चालणार नाही. तेव्हापासून ग्लेनिस बहिणीकडे, बेरिलकडे राहत होती. बेरिलने पाहुण्यांच्या खोलीला नुकतेच नवे पडदे शिवले होते, आणि बहीण पडदे शिवू लागली की मुक्काम लांबतो, एवढे क्लिफर्डलाही कळत होते.

"रविवारी येते," ग्लेनिस फोनवर म्हणाली होती. "ऊब असली तर राहते. नसली तर बोट विकू आणि तूही इकडे ये. बेरिलची हरकत नाहीये."

"बेरिलची हरकत नाही म्हणजे?"

"म्हणजे बूट बाहेर काढायचे आणि सॉसेज तळायचे नाहीत. बाकी काही नाही."

क्लिफर्डने त्याच दिवशी हीटर मागवला. डेस्मंडनेही तसाच घेतला. कालव्यावरून कोळसा आणि डिझेल विकत फिरणारी रोवेना दोन्ही खोकी घेऊन आली. ती लहानथोर सगळ्यांना 'राजा' म्हणे. "जोडीनं लग्न लागतंय जणू," खोकी उतरवताना ती म्हणाली. "दोघांचं एकाच मुहूर्तावर."

बसवण्याचे कामही जोडीनेच झाले. डेस्मंड सडपातळ, म्हणून क्लिफर्डच्या इंजिनामागच्या सांदीत तो शिरला. क्लिफर्डकडे चांगले ड्रिल होते, म्हणून डेस्मंडच्या बोटीला धुराड्याचे भोक त्याने पाडले.

"धुराची नळी उतरती ठेवलीय," सांदीतून डेस्मंडचा आवाज आला. "आत पाणी साचलं तर यंत्राला पडसं व्हायचं."

"आणि पंप?"

"तिरका. तोंड वर. पुस्तिकेत चित्र आहे बघ."

"चित्रातला माणूस हसतोय."

"त्याची स्वतःची बोट नसेल."

शेवटी राहिले ते रिमोटची ओळख पटवणे. हीटर चालवणाऱ्या, कपाटातल्या पेटीवरचे बटण दाबून धरायचे आणि दिवा लुकलुकू लागला की रिमोट दाबायचा. त्या वेळी जो रिमोट पहिल्यांदा ऐकू येईल, त्यालाच पेटी मालक मानी. हीटर पहिल्यांदा पेटताना मोठा आवाज करतो असे पुस्तिकेत लिहिले होते. आवाज म्हटल्यावर रिवाज आलाच. दोघांनी आपापल्या कपाटाशी उभे राहून, खिडक्या उघड्या ठेवून, ते एकदम करायचे ठरवले.

"तीन म्हटलं की दाब," डेस्मंड ओरडला.

तीन म्हणून झाले. दोन्ही हीटर एकदम धडधडले. दोघांनी समोरासमोरच्या खिडक्यांतून हात बाहेर काढून हस्तांदोलन केले, आणि तिथून क्लिफर्डचा गोंधळ सुरू झाला.

पहिल्या दिवशी त्याने डिझेलच्या नळीत हवा अडकली असेल असे समजून ती काढली. दुसऱ्या दिवशी डिझेलची गाळणी बदलली. मग बॅटरी तपासली. ती ठणठणीत होती. काठावरून कुत्री फिरवणाऱ्या लोकांनी थांबून सल्ले दिले. एक म्हणाला डिझेल जुने आहे, दुसरा म्हणाला डिझेल फारच नवे आहे, आणि एका वृद्ध बाईंनी त्याला दोन मोजे एकावर एक घालायला सांगितले. तो एकच सल्ला उपयोगी पडला. हीटर मधूनच कोमट फुंकर मारी आणि निपचित पडे. क्लिफर्ड रिमोटवरचा आकडा आणखी वाढवी. हीटर आणखी गार पडे.

शेजारी मात्र वेगळेच चालले होते. भर नोव्हेंबरात डेस्मंड बनियनवर बसलेला दिसे, छतावरचे झाकण सताड उघडे.

"ठीक चाललंय ना?" क्लिफर्डने विचारले.

"उत्तम," डेस्मंड कपाळ पुसत म्हणाला. "तुझं?"

"उत्तम," क्लिफर्ड टोपी खाली ओढत म्हणाला.

याहून अधिक बोलणे शक्यच नव्हते. क्लिफर्डचा हीटर डेस्मंडने बसवला होता, डेस्मंडचा क्लिफर्डने. तक्रार करणे म्हणजे शेजाऱ्याच्या हातांवर शंका घेणे.

रविवारी ग्लेनिस आली. सोबत एकच छोटी बॅग होती, आणि ती तिने दाराशीच ठेवली. ती कोट न काढता बसली. तिने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघाली.

"बाविसावर आहे," क्लिफर्ड रिमोट दाखवत म्हणाला.

"हे कळलंय का त्याला?"

"हळूहळू तापतो. नवा आहे."

ग्लेनिस खोकली. "डेस्मंडला भेटून येते," ती उठत म्हणाली. "बरेच दिवस झाले."

ती शेजारच्या बोटीवर गेली, आणि परत आलीच नाही. बऱ्याच वेळाने क्लिफर्डने खिडकीतून पाहिले. ग्लेनिसचा कोट खुंटीवर होता, पाय स्टुलावर होते आणि हातात ओट्सच्या पिठाचा केक होता.

"क्लिफ," तिने खिडकी किलकिली केली, "इथे किती छान वाटतंय. तुझा दुरुस्त होईपर्यंत मी इथेच बसते."

"खरं तर मला जरा जास्तच—" डेस्मंड मागून म्हणू लागला.

"अजिबात जास्त नाही हो. हात लावू नका त्याला."

दोन हातांच्या अंतरावर त्याची बायको परक्याच्या बोटीत सुखात होती. सहा वाजता तिची बस होती. क्लिफर्डने हीटर उघडून काजळी खरवडायचे ठरवले; एवढेच करायचे राहिले होते. उघडण्याआधी तो बंद करणे आवश्यक, म्हणून त्याने रिमोटचे बटण दाबले. त्याच्या पंपात काही फरक पडला नाही, कारण तो आधीपासूनच गप्प होता. पण शेजारच्या पंख्याचा आवाज उतरत गेला.

"डेस्मंड, बंद का केलात?" ग्लेनिसचा आवाज आला.

"मी? मी तर केक कापतोय."

क्लिफर्ड थबकला. त्याने बटण पुन्हा दाबले. पलीकडे पंप टिकटिकू लागला.

"आला बाई," ग्लेनिस म्हणाली.

त्याने दाबले. "गेला." दाबले. "आला." पुन्हा दाबले.

"ग्लेनिसबाई, तुमच्या नुसत्या बोलण्यावर चालतोय बघा हा," डेस्मंड आदराने म्हणाला. "माझं तर एका शब्दानं ऐकत नाही."

क्लिफर्ड हातातल्या रिमोटकडे पाहत राहिला. दोघांनी एकदम बटणे दाबली तेव्हा त्याच्या हाकेला डेस्मंडच्या पेटीने ओ दिली होती, आणि डेस्मंडच्या हाकेला त्याच्या. आठवडाभर तो आकडा चढवत होता आणि भाजून निघत होता डेस्मंड. उकाड्याने हैराण होऊन डेस्मंड आकडा उतरवत होता आणि गारठत होता क्लिफर्ड.

तो जवळजवळ उडी मारूनच ब्लूबेलवर गेला. दार उघडताच ऊब अंगावर आली. डेस्मंड बाह्या दुमडून केक वाढत होता. बायको, नेस्टा, गेल्यापासून हिवाळाभर त्याच्या अंगावर असणारा तपकिरी ओव्हरकोट आता कुठे दिसत नव्हता. टेबलावर चक्क टेबलक्लॉथ होता.

"बस, क्लिफर्ड. ग्लेनिसबाईंना सांगत होतो. मी हा हीटर आठावर लावला होता. नळ गोठू नयेत एवढ्यापुरता. एकट्या माणसासाठी काय जाळायचं? नेस्टा होती तेव्हा गोष्ट वेगळी." त्याने केकचा तुकडा पुढे केला. "पण हा ऐकेना. शेवटी परवापासून रिमोटवर बंदच करून टाकलाय, तरी मनाला येईल तेव्हा पेटतोच. म्हटलं, ठीक आहे. यंत्रच हट्टाला पेटलं तर त्यात आपला काय दोष?"

आणि तो हसला. गेल्या दोन हिवाळ्यांत क्लिफर्डने त्याला हसताना पाहिले नव्हते. सांगायचे वाक्य क्लिफर्डच्या ओठांपर्यंत आले होते. ते सांगितले असते तर डेस्मंडने मनापासून माफी मागितली असती, आपली पेटी नीट करून घेतली असती, आकडा आठावर आणला असता आणि ओव्हरकोट चढवला असता.

"साखर आहे का थोडी?" क्लिफर्डने विचारले.

साखरेची वाटी हातात घेऊन तो बाहेर पडला तेव्हा रोवेनाची बोट येऊन टेकत होती. त्याने तिला खुणेने मागच्या बाजूला बोलावले.

"डेस्मंडच्या टाकीत वीस लिटर घाल," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माझ्या नावावर. त्याला सांगू नकोस."

रोवेनाने नळी खाली ठेवली. "तुम्हा दोघांचं काय चाललंय, राजा? शुक्रवारी तू बाजारात गेलास तेव्हा त्यानं तुझ्या टाकीत वीस लिटर घालायला लावले. तुला सांगू नको म्हणाला."

"माझ्या? का?"

"म्हणाला, क्लिफर्डकडे डिझेलचेही वांधे आहेत. बिचारा टोपी घालून कुडकुडतोय, पण तोंड उघडायचा नाही. मानी माणूस."

क्लिफर्डचे कान तापले. या कालव्यावर बारा हिवाळे काढून त्याने कुणाकडून उसनी काडेपेटीही घेतली नव्हती. डेस्मंडला माहीत म्हणजे काठावरच्या प्रत्येक कुत्र्याला माहीत. एका वाक्यात त्याची अब्रू परत आली असती. त्याने ब्लूबेलच्या खिडकीकडे पाहिले. आत डेस्मंड टेबलक्लॉथची सुरकुती तळहाताने सारखी करत होता.

"घाल तू वीस लिटर," तो म्हणाला.

मग तो आपल्या बोटीत गेला, कपाट उघडले, पेटीवरचे बटण दाबून धरले आणि दिवा लुकलुकताच स्वतःचा रिमोट दाबला, एकट्याने, कुणाची वाट न पाहता. आता दोन्ही पेट्या त्याचेच ऐकणार होत्या. त्याचा हीटर गरजला, पलीकडचाही पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच वेळात जाळीतून खरीखुरी गरम हवा येऊ लागली. काचांवरचे पाणी कडेने सुकत गेले.

आवाज ऐकून ग्लेनिस आली. तिने जाळीसमोर हात धरला, मग दाराशी ठेवलेली बॅग उचलून पलंगावर ठेवली.

"झाला दुरुस्त? काय झालं होतं?"

समोरच्या खिडकीत डेस्मंड कप विसळण्याच्या निमित्ताने उभा होता. क्लिफर्डने आपली खिडकी थोडी अधिक उघडली.

"डिझेल संपलं होतं," तो मोठ्याने, स्पष्ट शब्दांत म्हणाला. "कुणीतरी भलं माणूस टाकीत घालून गेलं वाटतं."

पलीकडे कप विसळणे थांबले आणि काही वेळाने, गुणगुणण्याच्या साथीने, पुन्हा सुरू झाले. क्लिफर्डने खिडकी लावून घेतली, दोन्ही बोटींचा आकडा बाविसावरून विसावर आणला आणि रिमोट शर्टाच्या खिशात ठेवला.