दार धरणारी चंद्राआत्या

चंद्राआत्या बोलायला लागली की आत बसलेल्या बाईला बाहेर यावंसं वाटायचं नाही. आत म्हणजे आमच्या बीडच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासात. बायकांच्या बाजूला एकच दार धड होतं, त्यालाही कडी नव्हती. म्हणून आत्या रोज सकाळी दाराला पाठ लावून उभी राहायची आणि आतलीने घाबरू नये म्हणून तिला मालिकेची गोष्ट सांगायची.

गोष्ट ती मनानेच वाढवायची. सून विहिरीच्या काठावर पोचली की थांबायची. "ऐकायलीस का गं?" आतून "हाय, हाय!" आलं की मगच पुढे. एकदा मी उत्तर दिलं नाही, तर तिने अख्ख्या रांगेसमोर माझ्या माहेरच्या आडनावाने हाका मारल्या. मी अंगणवाडीत शिकवते. त्या दिवशी पोरांच्या आया माझ्याकडे बघून हसत होत्या.

तिकडे रेंगाळणाऱ्या गड्यांसाठी वेगळा उपाय होता. "कोनाचा रं तू? रिकामाच हायस न्हवं? ही घागर भरून आन!" दोघांनी खरोखर चार-चार घागरी वाहिल्या. मग तिकडे कुणी फिरकेना आणि पाणी पुन्हा आम्हालाच भरावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

"आत्या, कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"ऊसतोडीला होते तवा माज्यासंगं कुनी नसायचं. फडात बसले की पाचट वाजलं तरी उटून पळायचे. लई भ्या वाटायचं." एवढं बोलून तिने सुनेला विहिरीतून वर काढलं.

मागच्या आठवड्यात आम्हा बायकांनी नगरपालिकेत केलेल्या अर्जांना यश आलं. नवं पत्र्याचं दार, ठसठशीत कडी! आम्ही पेढे वाटले. आत्याने कडी तीनदा ओढून पाहिली. "पक्की हाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सवयीने आलीच. बायका आत जात, कडी लावत, पटकन बाहेर येत. रांग कधी नव्हे ती भराभर सरकत होती. आत्या भिंतीशी गप्प उभी होती.

माझा नंबर आला. आत जाऊन मी कडी लावली आणि परत काढली.

"आत्या, कडी बसंना झालीय. दार धरता का?"

बाहेर तिच्या चपला दाराशी आल्या.

"शिकल्याली बाई, अन् कडी लावता यीना!" पत्र्याला पाठ टेकली. "ऐकायलीस का गं?"

"हाय, हाय," मी म्हणाले.