मोकलांना पुस्तक परत करताना

मोकलांकडून पुस्तक घेणं सोपं, परत करणं महाकठीण. आमच्या रोह्याच्या शाळेचे हे ग्रंथपाल परत आलेलं पुस्तक हातात घेत, मधलंच एखादं पान काढत आणि चष्म्यावरून बघत विचारत, "यातला बोकड शेवटी कुणी नेला?" उत्तर आलं नाही की पुस्तक पुन्हा तुमच्याच हातात.

"नुसतं फिरवून आणलंत. आता वाचून आणा."

पोरांना हा नियम नव्हता. पोरांनी न वाचता पुस्तक आणलं तरी मोकल हसून दुसरं द्यायचे. परीक्षा फक्त मास्तरांची. त्या बोकडापायी एक कादंबरी माझ्या पेणच्या घरी अकरा महिने मुक्कामाला होती. बायको तिला 'पाहुणी' म्हणायची. परिणाम व्हायचा तोच झाला. मास्तरांनी पुस्तकं नेणंच सोडलं.

मोकल पेणच्या अलीकडच्या जिते गावचे. सकाळी मी पेणला गाडीत चढायचो तेव्हा ते आधीच खिडकीशी बसलेले असायचे, मांडीवर कापडी पिशवी. नागोठणं येईपर्यंत माझ्या पुढच्या धड्याला कुठलं पुस्तक जोडता येईल, ते तीनदा सांगून व्हायचं. मी "हो, हो" म्हणायचो आणि डोळे मिटायचो.

शाळेत सगळ्यांना 'सर' होतं, मोकलांना नुसतं 'ओ मोकल'. ग्रंथपाल म्हणजे शिक्षकेतर. वर्षाच्या फोटोत आम्ही खुर्च्यांवर आणि मोकल मागे शिपायांच्या रांगेत. मी एकदा उगाच हळहळलो, तर म्हणाले, "उंच मानसाला मागंच उभं करतात, सर." मोकलांची उंची पाच फूट.

कुणी मास्तर रजेवर गेले की ग्रंथालयाला कुलूप आणि मोकल त्या वर्गावर. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मोकल, वजन-उंची घ्यायला मोकल. उरलेल्या वेळात जे ग्रंथालय उघडं असायचं, त्याचा आम्हाला एकच उपयोग ठाऊक होता. दंगा करणाऱ्या पोराला "जा, लायब्ररीत जाऊन बस!" म्हणायचं. एक दिवस मोकल स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई," ते विज्ञानाच्या बाईंना म्हणाले, "पोराला वर्गाबाहेर उभं करा, अंगठे धरायला लावा. पण माझ्याकडं शिक्षा म्हणून पाठवू नका. त्याला वाटतं पुस्तक म्हंजे मार."

बाई हसल्या. आम्ही सगळेच हसलो. पुढच्याच तासाला बाईंनी आणखी दोघांना धाडलं.

तरी मोकल सुधारले नाहीत. गेल्या वर्षी माझ्या मागे लागले. "सर, भरती-ओहोटीचा धडा हाय ना तुमचा? एक तास मला द्या. शिकवा तुमीच, पुस्तकं मी मांडतो. मास्तर संगं असला की पोरं पुस्तक वेगळ्या हातानं धरतात." गाडीतून सुटका व्हावी म्हणून मी गुरुवार देऊन टाकला.

पंधरा दिवस माणूस राबला. खाडीचा नकाशा काढला. मोकलांचे वडील मिठागरावर होते, त्यांचा तिथीवरून भरतीची वेळ ओळखायचा आडाखा मोठ्या अक्षरांत लिहून काढला. कपाटं उपसून पुस्तकं निवडली आणि प्रत्येकात एकेका मुलाच्या नावाची चिठ्ठी घातली. गुरुवार आला. चाचणी तोंडावर होती आणि माझे दोन धडे मागे होते. मी विसरलो नव्हतो. 'सांगू नंतर' असं मनाशी म्हटलं आणि वर्गात प्रश्नोत्तरं उतरवून देत बसलो.

परतीच्या गाडीत मोकल समोर बसले. मग हळूच म्हणाले, "बरं नव्हतं काय, सर? मी जिन्यात उभा होतो तास संपेपर्यंत."

"हो," मी म्हणालो. "डोकं धरलं होतं."

त्यांनी पिशवीतून डोकेदुखीची गोळी काढून दिली, पाण्याची बाटली पुढे केली. मी ती गोळी गिळली.

या वर्षी मोकल निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी कुणी येणार नाही, खोलीत संगणक बसतील, पुस्तकं पेट्यांत भरून जिन्याखाली, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. कुणी हू की चू केलं नाही. मीही नाही. पुस्तकांची यादी पडताळायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी पहिल्यांदा त्या खोलीत सबंध दुपार बसलो, आणि शिक्षकांच्या कार्डांचा गठ्ठा हाती लागला.

माझं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. वर आणखी एक जोडलेलं. नद्या, वारे, प्रवासवर्णनं. ती 'पाहुणी' सोडली तर यातलं एकही पुस्तक मी कधी पाहिलेलं नव्हतं. बाईंचं कार्डही तसंच. सगळ्यांचीच.

"मोकल, हे काय?"

ते पेटीला दोरी बांधत होते. मान वर केली नाही. "तपासणीला आले की पयली कार्डंच बघतात. कोरी दिसली असती तर खोली कवाच गेली असती."

"म्हणजे खोट्या नोंदी?"

"खोट्या कशा? पुस्तक माझ्या घरी जायचं. वाचलं जायचं." दोरीला गाठ मारून ते म्हणाले, "तुमच्या नावावर नेलं तर वाचायला नको कुणीतरी?"

मी एक पुस्तक उघडलं. आत त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : 'आठवी, धडा तिसरा. सरांना दाखवणे.' दुसरं उघडलं. त्यातही चिठ्ठी. तिसरं मी उघडलं नाही.

मोकल निवृत्त झाले. पेट्या जिन्याखाली गेल्या. संगणक अजून आलेले नाहीत.

मध्यंतरी पनवेलला चाललो होतो. गाडी जित्याला थांबली, तर फलाटावरच्या बाकावर मोकल, शेजारी गावातलेच कुणी म्हातारे गृहस्थ. मला खिडकीत बघून मोकल लगबगीनं उठून आले. माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग मागे वळून त्या गृहस्थांना मोठ्या आवाजात म्हणाले, "हे आमच्या शाळेतले भूगोलाचे सर. लय वाचन हाय यांचं!"

म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून हात जोडले. मीही जोडले. गाडी हलली.